जपानविद्या : पदव्युत्तर अभ्यास
जपानी भाषा, समाज व संस्कृती यांचा पदवीनंतरचा सखोल अभ्यास. मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी जपानला न जाताच लिहिलेला ‘द क्रिसँथिमम अँड द सोर्ड’ (१९४६) हा ग्रंथ आजही वर्गात वाचला जातो. बहुधा खोडून काढण्यासाठीच. भारतातही क्षेत्रकार्य केलेल्या जपानी मानवशास्त्रज्ञ नाकाने चिए यांनी १९६७ मध्ये जपानी समाजाची ‘उभी’, म्हणजे ज्येष्ठ-कनिष्ठ क्रमाची, रचना मांडली : माणसाची ओळख त्याच्या व्यवसायापेक्षा तो ज्या गटात वावरतो त्यावरून ठरते. हा अभ्यास जपानमध्येच करायचा तर तिथल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थी बऱ्याचदा आधी ‘केन्क्यूसेइ’ म्हणजे संशोधक विद्यार्थी म्हणून राहतो, मग प्रवेशपरीक्षा देतो. एम.ए. साधारणतः दोन वर्षांचे असते. त्याचा गाभा म्हणजे प्राध्यापकाभोवती जमणारा ‘झेमी’ हा चर्चावर्ग. हा शब्द मात्र जर्मन भाषेतून आलेला आहे.