चित्रपटातील मूलगामित्व : संज्ञा आणि व्यवहार

'रॅडिकल' या संज्ञेसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : 'जहाल' आणि 'मूलगामी'. पहिला शब्द जहाल-मवाळ वादातून आपल्या राजकीय परिभाषेत स्थिरावला; त्याचा रोख तीव्रतेवर आहे. दुसरा, 'मूळ' या अर्थाच्या लॅटिन धातूशी इमान राखणारा आहे. चित्रपटविषयक चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते आणि बहुधा पहिल्याचीच सरशी होते. मोर्चा, लाठीमार व घोषणा पडद्यावर आल्या की चित्रपट क्रांतिकारक ठरतो. आपल्या महाविद्यालयीन चित्रपट मंडळांच्या याद्याही बव्हंशी विषय पाहूनच तयार होतात. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, मूलगामित्वाचा शोध चित्रपट करणारा, त्यात दिसणारा आणि तो पाहणारा यांच्या परस्परसंबंधांत घ्यावयास हवा.

या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण अर्जेंटिनातील आहे. फेर्नान्दो सोलानास व ऑक्टाव्हिओ गेटिनो यांचा 'द अवर ऑफ द फर्नेसेस' हा चार तासांहून मोठा, तीन भागांचा चित्रपट १९६८ साली पूर्ण झाला. देशात १९६६ पासून लष्करी राजवट होती. त्यामुळे कामगार संघटना व विद्यार्थी गट यांच्यामार्फत त्याचे गुप्तपणे खेळ होत. मध्येच प्रक्षेपक थांबवून चर्चा केली जाई. हा खंड चित्रपटाच्या रचनेतच अंतर्भूत होता. खेळाला येणे हाच धोका असल्यामुळे आलेला माणूस केवळ प्रेक्षक राहत नसे. १९६९ च्या 'तिसऱ्या चित्रपटा'विषयीच्या जाहीरनाम्यात या दिग्दर्शकद्वयाने हीच भूमिका मांडली. १९७३ नंतर हा चित्रपट तेथे उघडपणे दाखविला गेला. धोका ओसरल्यावर तो तसाच मूलगामी राहिला काय, हा प्रश्न मला त्याच्या आशयापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

भारतात १९६८ साली मृणाल सेन व अरुण कौल यांनी नव्या चित्रपटाचा जाहीरनामा काढला. पाठोपाठ फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्यावर मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९६९-७०) आला. येथे मूलगामित्व रूपाचे होते : बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन थांब्यावर ताटकळणाऱ्या स्त्रीची प्रतीक्षा हाच चित्रपटाचा काळ झाला. या प्रयोगाला कंटाळवाणा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे. परंतु शासनाच्या पैशांतून झालेला हा चित्रपट प्रेक्षकवर्गाची चौकट मात्र बदलू शकला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

आनंद पटवर्धन यांची वाटचाल या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. बिहार आंदोलनावरील 'क्रांती की तरंगें' (१९७४-७५) अपुऱ्या साधनांनी झाला. सुपर-८ वरील दृश्ये पडद्यावर टाकून ती पुन्हा १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपण्यात आली. आणीबाणीत त्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर गेली. हे धाडस निःसंशय जहाल होते. परंतु मूळाला हात घालणारा प्रसंग येतो तो मुंबईतील झोपडपट्ट्या हटविण्याच्या मोहिमांवरील 'हमारा शहर'मध्ये (१९८५). त्यात एक स्त्री कॅमेऱ्याकडे पाहून चित्रपटकर्त्यालाच फैलावर घेते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. पटवर्धनांनी हे दृश्य कापले नाही. शोषितांविषयी बोलण्याचा चित्रपटाचा अधिकारच तेथे चव्हाट्यावर आला, आणि त्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही. माझ्या मते त्या काळच्या भारतीय माहितीपटातील हा सर्वांत मूलगामी क्षण होय, आणि तो दिग्दर्शकाने रचलेला नाही.

याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे यांचे गायन आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या चळवळीतल्या या शाहिराने मृत्यूसमयी कपाळाला निळी पट्टी बांधली होती. त्या पट्टीचा अर्थ लावण्यातून 'जय भीम कॉम्रेड' (२०११) घडला; त्याला चौदा वर्षे लागली. वर्ग आणि जात यांच्या संबंधांविषयीची डाव्यांची जुनी गृहीतके तीन तासांहून अधिक काळ त्यात तपासली जातात. ती तपासली जातात प्रामुख्याने शाहिरांच्या, गाणाऱ्या स्त्रियांच्या आणि वस्तीतील लोकांच्या तोंडून. निवेदकाचा हस्तक्षेप अल्प आहे. १९८५ साली ज्यांनी दिग्दर्शकाला प्रश्न विचारला, त्यांच्याकडेच आता युक्तिवादाची सूत्रे आली आहेत, असे म्हणता येईल. या चित्रपटाचा जाहीर खेळ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, चाळकऱ्यांपुढे झाला.