सेकंड लाइफमधल्या पडद्यावर एकामागून एक व्हिडिओ लागतात कसे?

2003 साली सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात लोक जमीन घेऊन चक्क थिएटरं बांधतात. एक व्हिडिओ संपला की दुसरा, यादी संपली की पुन्हा पहिला. हे सगळं करते एक छोटी स्क्रिप्ट.

गंमत म्हणजे व्हिडिओ त्या जगात नसतोच. सर्व्हर फक्त लिंक देतो, व्हिडिओ चालतो प्रत्येक प्रेक्षकाच्या आपापल्या कॉम्प्युटरवर. त्यामुळे तो संपला की नाही, हे स्क्रिप्टला कळतच नाही. एकच व्हिडिओ फिरवायला तयार ‘लूप’ आज्ञा आहे, पण यादीसाठी जुगाड लागतो.

प्रत्येक लिंकपुढे तिची लांबी सेकंदांत लिहून टायमर लावायचा. तो वाजला की क्रमांक एकने वाढवायचा आणि एकूण व्हिडिओंच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. मोजणी शून्यापासून असते. पाच व्हिडिओ असतील तर 5 भागिले 5, बाकी 0, म्हणजे परत पहिला!

पण टायमर कुणासाठी थांबत नाही. ज्याचं नेट रखडतं, त्याचा नेमका क्लायमॅक्स कापला जातो. म्हणून प्रत्येक व्हिडिओला थोडे सेकंद जास्तीचे द्यावेत. आणि हो, जमीन ज्याच्या नावावर, स्क्रिप्ट टाकलेली वस्तूही त्याच्याच नावावर हवी, नाहीतर आज्ञा चालतच नाही.