माधवगंजातली किलवर

काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. लष्कर भागातल्या माधवगंजात मित्राकडे उतरलो होतो. रात्री जेवणं आटोपल्यावर सतरंजी पसरली. चौघे समोरासमोर बसलो, तेरा-तेरा पानं वाटून झाली. मी सवयीने विचारलं, "मेंढीकोट ना?" मित्र म्हणाला, "इकडे दहला पकड." खेळ जवळजवळ तोच. ज्या जोडीकडे जास्त दश्श्या, ती जिंकली.

घोटाळा झाला तो नावांनी. आपल्याकडे हुकूम म्हणजे त्या डावापुरता वरचढ रंग. तिथे 'हुकूम' हेच इस्पिकाचं नाव! ईंट म्हणजे चौकट, चिडी म्हणजे किलवर. आपल्याला कुठलाही पत्ता म्हणजे पान, त्यांना फक्त बदाम. पहिला डाव माझ्या भागीदाराने माझ्यामुळेच घालवला.

मित्राची आजी माझ्यामागे खुर्चीत बसली होती. न राहवून ती म्हणाली, "अरे, किलवर उतर की!" माझा डाव फुटला, पण कान सुखावले. घरात तो शब्द आता तिच्या एकटीच्याच तोंडी उरला होता. नातवाला कळायचा, यायचा नाही.

ही मराठी तिथे गेली शिंद्यांबरोबर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. छावणीचं शहर झालं, नाव मात्र 'लष्कर'च राहिलं. त्याआधी महादजींच्या फौजेचे बक्षी होते जिवबादादा केरकर, आपल्या पेडण्याच्या केरीचे. म्हणजे गोवा आणि शिंदेशाही हे नातं जुनंच.

आणि किलवर तरी आपला कुठे? डच भाषेत या रंगाला 'क्लाव्हर' म्हणतात. इस्पिक ऐकलं की पोर्तुगीज 'एस्पादा', म्हणजे तलवार, आठवते. परक्याचा शब्द खेळता खेळता घरचा होतो, आणि खेळता खेळताच जातो.

मी भेट म्हणून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची पेटी नेली होती. ती उघडली. गोल पानं, एकूण १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दशी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. खेळणारे तिघे, हुकूम नाहीच. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करणार, रात्री कृष्णाचा. गंजिफा आपल्याकडे फार जुनी. बाबराने सिंधच्या शाह हसनला ती पाठवल्याची १५२७ सालची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीत ही कला संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात चितारी बसवून ती वाचवली.

पानं हातोहात फिरली, कौतुक झालं. मित्राने विचारलं, "मग खेळायचं?" रात्र होती, म्हणजे कृष्णाची उतारी, इतकं मी सांगू शकलो. प्रत्यक्ष डाव मी कधी खेळलोच नव्हतो! पेटी कपाटात गेली आणि पुन्हा दहला पकड सुरू झाला.

राजवाड्याने पानं वाचवली, डाव वाचवायचं काम आपल्यासारख्यांचं. चवथीला रात्री सोप्यावर पत्ते पडतातच ना? तेव्हा तिघांनी तरी गंजिफा मांडून पाहावी. चुकत चुकत येईल. आणि पिसताना पोरांच्या कानावर 'किलवर'ही पडू द्यावी.