हक्क आणि हक्कसोड

दरवर्षी ८ मार्चला आमच्या शाळेत मुलींची भाषणे होतात. सावित्रीबाई फुले, रझिया सुलतान, कल्पना चावला ही नावे ठरलेली असतात. "आजची स्त्री कोठेही मागे नाही" हे शेवटचे वाक्यही ठरलेले असते. परीक्षक म्हणून मीही टाळ्या वाजवतो. यंदा टाळ्या वाजवताना मला माझा सातबारा आठवला.

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची चार एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर झाली. मला दोन बहिणी आहेत. अम्मी आधीच गेली होती. वारस म्हणून आम्हा तिघांची नावे लागली. मग दोघी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आल्या, सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढले. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. मी दोघींना साड्या घेतल्या. गाव म्हणाले, बहिणी असाव्यात तर अशा!

त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. 'हक्क' अरबीतून आला, 'वारस' हा शब्दही तिथलाच. 'सोड' मात्र आपल्या मातीतली. शब्द दोन भाषांतले असले तरी व्यवहार हिंदूंच्या घरात आणि मुसलमानांच्या घरात एकच आहे. हे असे का झाले, याचा थोडा इतिहास पाहू.

कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट सांगितला आहे. आईबापांनी मागे ठेवलेली मालमत्ता थोडी असो वा जास्त, तिच्यात स्त्रीचा हिस्सा आहे. हा हिस्सा 'फरीजा' आहे असे तिथे म्हटले आहे. नमाजला आपण ज्या अर्थाने फर्ज म्हणतो, त्याच मुळातला हा शब्द. सातव्या शतकात ही मोठी गोष्ट होती, हे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. पण हिंदुस्थानात ती किती अमलात आली?

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजातील मुलींचा दावा आला. वडिलांच्या मालमत्तेत आम्हाला कुरआनप्रमाणे वाटा द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे समाजाची रूढी मांडली गेली. मुलींना वारसा नाही, फक्त पालनपोषण आणि लग्नाचा खर्च, अशी ती रूढी होती. कोर्टाने रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. कच्छी मेमनांनाही तोच न्याय लागू झाला. पंजाबात तर जमीनदार मुसलमान उघडच रिवाजाने चालत आणि मुलीला शेती देत नसत. नमाज शरीयतप्रमाणे आणि जमीन रिवाजाप्रमाणे, असा हा सोयीचा हिशेब होता.

हा हिशेब मोडण्यासाठी १९३७ चा शरीयत कायदा आला. मुसलमानांच्या वारसाहक्काला रूढी नव्हे, शरीयत लागू होईल, असे त्याने ठरवले. पण त्यात एक अपवाद होता : शेतजमीन. १९३५ च्या घटना कायद्याने शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत दिली होती, हे त्याचे कारण. कारण कायदेशीर होते, परिणाम मात्र बहिणींना भोगावा लागला. त्या काळी बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतीच होती.

गंमत पाहा, त्याच १९३७ साली मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवांना पतीच्या मालमत्तेत हयातीपुरता हक्क देणारा कायदा झाला. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले की प्रांतांतील शेतजमिनीला तो लागू नाही. म्हणजे एकाच वर्षी हिंदू स्त्री आणि मुसलमान स्त्री या दोघींसाठी दार उघडले आणि दोघीही शेताच्या बांधावर अडल्या.

पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलीला वारसा मिळाला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला नाही. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

महाराष्ट्रात आणखी एक प्रयत्न झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. शेतकऱ्यांनी आपल्या हयातीत, स्वतःहून काही जमीन पत्नीच्या नावे करावी, असे आवाहन होते. अनेक गावांनी ते केले. नवऱ्याने ठरवले तर तलाठ्याकडे नाव लागते, हे त्यातून सिद्ध झाले.

तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहिवाट खातेदारी सुमारे १४ टक्केच होती. खुरपणी तिची, कापणी तिची, खाते त्याचे.

आपल्याकडे टीव्हीवर वाद होतात की मुसलमान मुलीला मुलाच्या निम्माच वाटा का. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि त्यावर आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. पण आधी हे तरी विचारा, तो निम्मा वाटा तिला मिळतो का? माझाच हिशेब मांडतो. मुलाला दोन आणि दोन मुलींना एक-एक, असे चार वाटे. म्हणजे चार एकरांतले दोन एकर माझ्या बहिणींचे होते. धर्माने दिलेले ते दोन एकर मी दोन साड्यांत घेतले.

"त्यांनी खुशीने दिले, मग त्यात गुनाह काय?" असे माझे एक सहकारी म्हणाले. त्यांच्या पत्नीनेही भावांना हक्कसोड करून दिली आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो, नाही म्हणण्याची सोय असेल तरच होकाराला खुशी म्हणता येते. लग्नात खर्च केला, दागिने घातले, हे उत्तरही जुनेच आहे. १८४७ साली कोर्टात हेच सांगितले गेले होते.

मागच्या रमजानमध्ये मी थोरल्या आपाला म्हणालो, "तुझं नाव परत लावून घेऊ." ती घाबरलीच. म्हणाली, "आता कशाला भाई? लोक म्हणतील, आपाने भावाकडून जमीन घेतली. मग ईदला कुठल्या तोंडाने येऊ?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. नंतर वाटले, जे माहेर टिकवायला जमीन सोडावी लागते, ते माहेर तिने विकतच घेतले की! आणि किंमत मी वसूल केली.

धाकटी तयार झाली आहे. तिच्या एक एकराच्या बक्षीसपत्राचे कागद वकिलाकडे दिले आहेत. आपा अजून नाहीच म्हणते. तिच्याकडे मी पुन्हा जाणार आहे. माझी मुलगी दहावीत आहे. भाऊ-बहीण हक्कसोडपत्राविना एका दस्तरखानावर बसू शकतात, हे तिने घरातच पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

वाचकहो, ज्यांच्या घरी वारसनोंद अजून व्हायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले. बहिणीला सही करायला बोलावण्याआधी तिचा वाटा किती, एवढे तिला मोजून सांगा. मग ती जे ठरवेल ते खरे.