बडीशेपेच्या बशीतली मोड

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सीमाभागातल्या मराठी घरांत अजूनही 'पोस्त' हा शब्द ऐकू येतो. पोस्टमन, दूधवाला, धुणेवाली बाई यांच्या हातावर सणाचे म्हणून जे ठेवायचे ते पोस्त. एरवी केव्हाही खूश होऊन दिले तर ते बक्षीस. हा फारसीतून आलेला शब्द मराठीत रुळला तसा कानडीतही रुळला. आणि हॉटेलात बिलाच्या बशीत ठेवायची ती टीप. हॉटेलात वाढणाऱ्याला जास्त टीप कशी मिळेल, असे विचारले तर उत्तर तयार असते: नम्र राहावे, हसतमुख राहावे. ते खोटे नाही. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ते अपुरे वाटते. गिऱ्हाइकाचा पैसा कोणत्या वाटेने मालकाकडे जातो, यावरही वाढणाऱ्याची मिळकत ठरते. हुबळी-धारवाडच्या खानावळी आणि हॉटेले पाहिली की हे चांगले ध्यानात येते.

या जोडशहरांना आजचे रूप आले ते रेल्वेमुळे. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय धारवाडला होते. पुढे त्याच इमारतीत कर्नाटक कॉलेज आले. हुबळीला रेल्वेचा कारखाना निघाला, कापसाचा बाजार वाढला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली होता, त्यामुळे मराठी कारकून, वकील, शिक्षक, विद्यार्थी यांची ये-जा मोठी. घर सोडून आलेल्या या माणसांना दोन वेळचे जेवण हवे होते. ते खानावळींनी दिले. 'खानावळ' हा आपला शब्द कानडीने 'खानावळी' असा करून घेतला आणि तो आजही पाट्यांवर दिसतो.

खानावळी जातवार असत. ब्राह्मणांची वेगळी, लिंगायतांची वेगळी, आणि कित्येकांना कुठेच शिरकाव नसे. १९५० साली राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहांची दारे कायद्याने सर्वांना मोकळी केली. पण आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट दुसरी. खानावळीचे पैसे महिन्याचे महिन्याला थेट मालकाकडे जात. रोजच्या जेवणानंतर पाकीट निघतच नसे, तेव्हा टिपेचा प्रश्नच नव्हता. कोणाला भाकरी कडक लागते, कोणाची एकादशी आहे, कोण ताकावाचून उठत नाही, हे वाढपी वर्षभर लक्षात ठेवी आणि त्या आठवणीचे मोल त्याला एकदाच, दिवाळीच्या पोस्तात मिळे.

उडुपी हॉटेलांनी हा व्यवहार बदलला. उडुपी-कुंदापूरकडची मुले घाट चढून वर येत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत किनाऱ्याने मुंबईला जाणारा लोहमार्ग नव्हता. म्हणून मुंबईला निघालेल्या अनेकांची वाट हुबळी-बेळगावावरून जाई, आणि काही इथेच राहत. या हॉटेलांत खाल्ल्याखाल्ल्या बिल होई. बिल बशीतून येई, बशीत बडीशेप असे, आणि गल्ल्यावरून परत आलेली मोडही त्याच बशीत येई. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, नाणी बदलली, पण बशीतली मोड तशीच राहिली. ती शेवटच्या नाण्यापर्यंत उचलून खिशात घालायला चारचौघांत संकोच वाटे. वाढणाऱ्याची टीप बरीचशी या संकोचातूनच जन्मली.

आमच्याकडे वेटरला 'सप्लायर' म्हणतात. मुरलेल्या सप्लायरला बशीचे हे शास्त्र पक्के ठाऊक असे. पाच रुपये परत द्यायचे असतील तर तो पाचाची नोट आणत नसे. गल्ल्यावरून नाणी मागून घेई. अख्खी नोट गिऱ्हाईक उचलतो; नाण्यांतली एक-दोन मागे ठेवतो.

त्याहून मोठे भांडवल म्हणजे भाषा. सप्लायरच्या घरी तुळू किंवा कोंकणी, भटारखान्यात कानडी. पण मराठी कुटुंब टेबलाशी बसले की "काकू, सांबार वेगळं देऊ?" असे विचारणारा सप्लायर त्या कुटुंबाचा होऊन जाई. पुढच्या वेळी ते त्याच्याच टेबलाशी बसे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ साली असे दाखवले की गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत पुन्हा म्हणून दाखवणाऱ्या वेट्रेसला अधिक टीप मिळते. अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका अभ्यासात बिलाबरोबर एक चॉकलेट दिले तर टीप वाढली, दोन दिली तर आणखी वाढली. आमच्या सप्लायरांनी हे प्रबंध वाचले नव्हते. पण "दोन साधा, एक मसाला, मसाल्यात कांदा नको" असे घोकत ते भटारखान्याकडे जात, आणि बडीशेपेबरोबर लहान मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवायला विसरत नसत.

माझ्या शाळेतून गेलेला एक मुलगा पी.यू.सी. शिकताना संध्याकाळी हॉटेलात काम करी. फी त्याने टिपेतून भरली. गुपित विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आपण माणूस लक्षात ठेवला की तोही आपल्याला लक्षात ठेवतो. म्हाताऱ्यांना पंख्याखाली बसवायचं नाही, आणि न मागता कोमट पाणी द्यायचं." पुढे मात्र त्याने एक गोष्ट सांगितली ती मला अस्वस्थ करून गेली. तो ज्या हॉटेलात होता तिथे टीप गल्ल्यातच जमा होई, आणि महिन्याअखेरी किती मिळेल हे मालकाच्या मर्जीवर.

हा पैसा कोणाचा, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयासमोर झालेला आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ साली, आणि आय.टी.सी.च्या खटल्यात २६ एप्रिल २०१६ रोजी, न्यायालयाने सांगितले की गिऱ्हाइकाने दिलेली टीप मालकाच्या हातून वाटली गेली तरी ती मालकाने दिलेला पगार होत नाही. मालक मधला विश्वस्त. अमेरिकेत याच्या उलट चालते. तिथे केंद्रीय कायद्याने टीप मिळवणाऱ्याला मालकाने द्यायचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच आहे. उरलेले टिपेने भरून निघावे, अशी अपेक्षा. टीप पगारात धरली की मालकाचा बोजा गिऱ्हाइकावर जातो, हे आपण ओळखून असावे.

योगायोग असा की त्याच २०१६ साली यू.पी.आय. सुरू झाले. आता बिल मोबाईलवरून पैशापैशापर्यंत चुकते होते. मोड परत येत नाही, त्यामुळे संकोचही उरला नाही. बशी येते, बडीशेप येते, सप्लायर उभा राहतो आणि जातो. पैसा पुन्हा खानावळीच्या वाटेने, थेट मालकाकडे जाऊ लागला आहे. बिलात आपोआप लावल्या जाणाऱ्या सेवाशुल्काला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. ग्राहकावर सक्ती नको हे रास्तच. पण सक्ती गेली म्हणून आपली जबाबदारी गेली, असे नाही.

तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच: भाषा शिका, माणसे लक्षात ठेवा, ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवा. मालकांना विनंती अशी की सप्लायर, भांडी घासणारे आणि भटारखान्यातले यांच्यासाठी टिपेची वेगळी पेटी आणि वेगळा क्यू.आर. ठेवा, आणि वाटणीची वही सर्वांना पाहता येऊ द्या. आणि वाचकहो, आपण खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवाव्यात. मोबाईलने बिल भरले तरी टीप हातात द्यावी, आणि बिलातून द्यायची झाली तर ती कोणाला मिळते हे एकदा विचारावे. या दिवाळीत पोस्ताची यादी कराल, तेव्हा नेहमीच्या हॉटेलातल्या त्या सप्लायरचे नावही तिच्यात असू द्या. नाव ठाऊक नसेल तर विचारून घ्या. आपल्याला सांबार वेगळे लागते, हे त्याला ठाऊक आहे.