पाय = ३.२, एकमताने मंजूर!

गणितातल्या 'पाय'ची खरी किंमत आपल्याला साक्षात्काराने कळली, असं सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. मी हसून सोडून द्यायचो. मग डॉ. एडवर्ड गुडविन यांची गोष्ट वाचली..

गुडविन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले खेड्यातले डॉक्टर. १८८८ च्या मार्चमध्ये म्हणे अलौकिक शक्तीने त्यांना वर्तुळाचं अचूक माप शिकवलं. वर्तुळाएवढा चौरस कंपास-पट्टीने काढता येत नाही, हे लिंडेमानच्या १८८२ च्या सिद्धतेने ठरलेलं होतं. पण साक्षात्कारापुढे सिद्धतेचं काय चालणार! १८९४ मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'ने त्यांचं लिखाण 'लेखकाच्या विनंतीवरून' छापलं. म्हणजे हात झटकून.

१८९७ मध्ये थेट विधेयक आलं. इंडियानाच्या शाळांना हा शोध फुकट, बाकीच्यांनी रॉयल्टी द्यायची! व्यास सव्वा तर परीघ चार, म्हणजे पाय ३.२. आता १० मीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि या हिशोबाने ३२ मीटर दोरी आणा. जवळजवळ ५८ सेंटीमीटर दोरी उरते. एवढंही कुणी करून पाहिलं नाही. विधेयक आधी दलदलीच्या जमिनींच्या समितीकडे (खरंच!), मग शिक्षण समितीकडे गेलं आणि ५ फेब्रुवारीला खालच्या सभागृहात ६७ विरुद्ध ० मतांनी पास झालं.

नशिबाने पर्ड्यूचे गणिताचे प्राध्यापक वॉल्डो दुसऱ्याच कामासाठी तिथे आले होते. त्यांनी सिनेटर लोकांची शिकवणी घेतली. १२ फेब्रुवारीला सिनेटने विधेयक बेमुदत पुढे ढकललं. ते चुकीचं आहे म्हणून नव्हे हं.. गणितातलं आम्हाला कळत नाही, आणि हा काही कायदा करण्याचा विषय नाही, म्हणून.