ट्रिंकोमाली: लढाईपेक्षा लाकूड बोलके

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ ही तीन डोलकाठ्यांची जुनी युद्धनौका आजही तरंगते आहे. भोवतालचा अठराव्या शतकातला धक्का मात्र १९९०च्या दशकात हौसेने उभारलेला. तोफा आणि खलाशांच्या झोळ्या पाहून येणारा माणूस ब्रिटिश आरमाराचा पराक्रम पाहिल्याच्या समाधानात परततो. पण पराक्रमाची साक्ष म्हणून हे जहाज लंगडेच आहे. त्याची खरी साक्ष आहे ती मुंबईच्या गोदीतल्या कसबाची.

जहाजाची कुंडलीच पाहा. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओकचे लाकूड पुरेना, म्हणून १८१२ मध्ये हे काम मुंबईला आले. आराखडे ज्या ‘जावा’ जहाजातून निघाले, त्याचा त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने फडशा पाडला. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. मलबारचा साग आला, पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी गोदीचे मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी वाडियांनी जहाज पाण्यात उतरवले. तोवर वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरून दोन वर्षे लोटली होती. युद्धासाठी बांधलेल्या जहाजाला युद्धच उरले नाही. १८१९ मध्ये ते पोर्ट्समथला पोहोचले आणि १८४७ पर्यंत राखीव म्हणून पडून राहिले. मोठ्या आरमारी लढाईत ते पुढेही कधी उतरले नाही. पण त्या पडून राहण्यातच त्याची परीक्षा झाली. अशा अवस्थेत ओकची जहाजे कुजत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातले तेल लाकडाला आणि लोखंडालाही सांभाळते. अर्थात, साग निवडणे, वाळवणे आणि फळीला फळी बेमालूम भिडवणे जमले नसते, तर नुसत्या तेलाने काय होणार?

कोणी म्हणेल, इतक्या डागडुजीनंतर त्यात मुंबईचे उरले काय? १८९७ मध्ये ते मोडीत निघाले होते. व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी विकत घेतल्यावर ‘फूद्रॉयाँ’ या नव्या नावाने त्यावर १९८६ पर्यंत मुलांना शिकवले गेले, आणि १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे दुरुस्ती चालली. तरीही जुन्या सागाचा बराच भाग जागेवर आहे. ती दुरुस्ती हार्टलपूललाच का, हेही ध्यानात घ्यावे. जहाजबांधणीचे हे जुने गाव. ‘वॉरियर’ या युद्धनौकेचे काम नुकतेच तिथे पार पडले होते, त्यामुळे कुशल हात हाताशी होते. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे जहाज साम्राज्याचे, मग आपण त्याचा अभिमान का मिरवावा? मिरवू नये, हे मान्य. मलबारची जंगले कोणासाठी तुटली, हे विसरण्याजोगे नाही. आणि वाडियांचे नाव राहिले, हाताखालच्या सुतारांची नावे संग्रहालयातल्या पाटीवर येत नाहीत. पण म्हणूनच या जहाजाकडे लढाईच्या बाजूने नव्हे, रंध्याच्या बाजूने पाहायला हवे. मुंबईतली ती गोदी आता नौदलाच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तिथे सहज शिरता येत नाही. वाडियांच्या गोदीतले काम हात लावून पाहायचे, तर आज हार्टलपूलचे तिकीट काढावे लागते.